रंगाचा हिशेब

पाण्यात विरघळलेले मीठ दिसत नाही. शिसे दिसत नाही, आर्सेनिक दिसत नाही. रंग मात्र दिसतो. लिटरभर पाण्यात जेमतेम एक मिलिग्रॅम गडद रंग मिसळला, तरी साध्या डोळ्यांना तो जाणवतो. म्हणून नदीच्या प्रदूषणाची ओरड पुष्कळदा रंगावरून सुरू होते. ऑगस्ट 2017 मध्ये नवी मुंबईजवळ तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी पडलेली कुत्री दिसली, तेव्हा कासाडी नदीचे दुखणे जगभरच्या वर्तमानपत्रांत गेले. फेब्रुवारी 2020 मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक भागातला एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. तेवढेच घातक पण बिनरंगी पाणी त्याच नाल्यांतून रोज वाहत असते, तर त्याची बातमी झाली असती का, याची शंकाच आहे.

रंगाचा हा दिसण्याचा गुण दुधारी आहे. तो प्रदूषण चव्हाट्यावर आणतो आणि तोच उपचार झाल्याचा आभासही निर्माण करतो. सांडपाणी नितळ दिसू लागले की काम फत्ते झाले, असे कारखानदाराला वाटते, अधिकाऱ्याला वाटते आणि प्रयोगशाळेतल्या संशोधकालाही वाटते. पण रंगद्रव्य गाळात बसले असेल, कोळशाला चिकटले असेल, अर्धवट तुटून त्याची बिनरंगी पण अधिक विषारी द्रव्ये झाली असतील किंवा ते खरोखरच कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार यांत संपले असेल. चारही वेळी बाटलीतले पाणी सारखेच दिसते. अधिशोषण आणि प्रकाश-उत्प्रेरण या दोन मार्गांची ओळख करून देणाऱ्या या संग्रहाची भूमिका त्यामुळे एका वाक्यात सांगता येते: पाण्यातून रंग काढणाऱ्या प्रत्येक पद्धतीकडे, काढलेल्या रंगाचे पुढे काय झाले, याचा हिशेब मागायचा.

हा हिशेब अवघड का आहे, हे कळण्यासाठी आधी रंगाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. 1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. त्याच्या हाती क्विनीनऐवजी जांभळा रंग लागला आणि संश्लेषित रंगांचे युग सुरू झाले. दोनच वर्षांनी पीटर ग्रीसने डायझो अभिक्रिया शोधली. त्यातून ॲझो रंगांचे प्रचंड कुटुंब उभे राहिले. दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधावर उभे असलेले हे रंग आजही कापडाच्या दुनियेत संख्येने सर्वांत मोठे आहेत. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने संश्लेषित नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातल्या निळीच्या शेतीचे अर्थकारणच कोसळले. 1956 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने कापसाच्या धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग विक्रीला काढले. सुती कापडावर चमकदार आणि धुण्याला पक्का रंग स्वस्तात मिळू लागला.

या इतिहासाला महाराष्ट्राचा एक अभिमानाचा धागा आहे. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने सुरू केलेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे माटुंग्याची यूडीसीटी, हे या देशातल्या रंगरसायनाचे मोठे विद्यापीठच ठरले. तिचे संचालक के. वेंकटरामन यांचा संश्लेषित रंगांच्या रसायनशास्त्रावरचा इंग्रजी ग्रंथ 1952 पासून खंडाखंडाने प्रसिद्ध होत गेला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांनी तो प्रमाण मानला. हेच वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रंग घडवण्याची विद्या आपल्याकडे अशी रुजली. रंग मोडण्याची विद्या मात्र बरीच उशिरा आली.

मोडणे अवघड आहे, कारण रंग टिकण्यासाठीच घडवलेला असतो. उन्हाने विटू नये, साबणाने उतरू नये, घामाने फुटू नये ही गिऱ्हाइकाची अपेक्षा. जो रेणू या कसोट्यांना उतरतो, तो नदीतल्या सूर्यप्रकाशाला आणि जिवाणूंनाही दाद देत नाही. शिवाय रिॲक्टिव्ह रंगांची एक खास अडचण आहे. डाइंगच्या बाथमध्ये हा रेणू धाग्याशी जोडला जातो, तसाच पाण्याशीही जोडला जातो. पाण्याशी जोडला गेलेला रेणू पुन्हा धाग्याला चिकटत नाही, तो धुलाईच्या पाण्याबरोबर नाल्याला लागतो. रंग आणि प्रक्रिया यांनुसार वापरलेल्या रंगाचा दहाव्या भागापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत हिस्सा असा वाया जाऊ शकतो. रंग धाग्याकडे ढकलायला लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ आणि बंध पक्का करायला सोडा ॲश लागतो. परिणामी, इचलकरंजी असो, सोलापूर असो, भिवंडी असो की तिरुपूर, डाइंगमधून निघणारे पाणी गरम, खारट, अल्कधर्मी आणि रंगीत असते. पुढे येणारी प्रत्येक पद्धत याच पाण्यासमोर उभी करून तपासायची आहे.

रंगीत पाण्याचे नुकसान डोळ्यांपुरते नसते. ते सूर्यप्रकाश अडवते, मग पाण्यातल्या शैवालाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि प्राणवायू घटतो. काही ॲझो रंगांचा बंध तुटला की बेंझिडीनसारखे सुगंधी अमाइन सुटतात. 1895 मध्येच फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगकारखान्यातल्या कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते. असे अमाइन सोडणाऱ्या रंगांवर जर्मनीने आणि पाठोपाठ भारतानेही 1990 च्या दशकात बंदी घातली. पण बंदी ठरावीक रंगांवर आहे, तुटण्याच्या प्रक्रियेवर नाही. अपुऱ्या उपचारातून काय तयार होते हा प्रश्न उरतोच.

आता उपायांकडे. प्रस्थापित सांडपाणी प्रकल्पांत चुना, तुरटी, फेरस सल्फेट यांनी रंगाचे पुंजके करून ते खाली बसवतात, मग जिवाणूंच्या टाक्यांतून पाणी फिरवतात. पहिल्या टप्प्यात रंग गाळात जातो. हा गाळ घातक कचरा म्हणून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या केंद्रांकडे पाठवावा लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. दुसऱ्या टप्प्यात जिवाणू सेंद्रिय भार कमी करतात, पण बरेच पाण्यात विरघळणारे रंग त्यांच्या हाताखालून तसेच निसटतात. हवा नसलेल्या टाकीत ॲझो बंध तुटतो, रंग जातो आणि अमाइन उरतात. हवेच्या टाकीत पुढचे काम झाले नाही, तर नितळ दिसणारे पाणी आगीतून फुफाट्यात गेलेले असते. ओझोन, 1894 पासून ज्ञात असलेली फेंटनची लोह-पेरॉक्साइड अभिक्रिया, पडद्यांची गाळणी हे मार्गही आहेत आणि त्यांचा उल्लेख या संग्रहात ठिकठिकाणी येतो. मात्र मुख्य भर दोन मार्गांवर आहे, कारण एक सर्वांत जुना आणि सोपा, तर दुसरा सर्वांत आशादायक आणि सर्वांत जास्त गैरसमजांनी वेढलेला आहे.

जुना मार्ग म्हणजे अधिशोषण. द्रवातला रेणू घनाच्या पृष्ठभागावर येऊन धरला जाणे, आत विरघळणे नव्हे. 1770 च्या दशकात शील आणि फोंताना यांनी कोळसा वायू धरून ठेवतो हे पाहिले. 1785 मध्ये रशियात टोबियास लोविट्झने कोळशाने द्रावणांचा रंग उतरतो हे दाखवले. साखरेच्या कारखानदारीने ते लगेच उचलले. एकोणिसाव्या शतकात साखरेचा रस शुभ्र करायला हाडांचा कोळसा सर्रास वापरला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲक्टिव्हेटेड कार्बन औद्योगिक प्रमाणावर बनू लागला. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत कबड्डीची सात-आठ मैदाने.

यामागचे शास्त्र फ्रॉइंडलिखने अनुभवजन्य सूत्रात बांधले आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्व्हिंग लँगम्यूरने 1918 मध्ये त्याला स्वच्छ सैद्धांतिक बैठक दिली: पृष्ठभागावर ठरावीक जागा, प्रत्येक जागी एकच रेणू, जागा भरल्या की काम थांबले. 1938 मध्ये ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांनी अनेक थरांचा विचार मांडला. पृष्ठभाग मोजण्यासाठी त्यांची पद्धत आजही सर्वत्र वापरतात. नव्या वाचकाने एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी. प्रयोगातले बिंदू लँगम्यूरच्या वक्रावर बसले, एवढ्यावरून रेणू खरोखर एकाच थरात बसले असे सिद्ध होत नाही. या विषयावरच्या शोधनिबंधांत ही चूक इतकी रुळली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे.

अधिशोषणात आज ढोबळमानाने तीन परंपरा दिसतात. पहिली ॲक्टिव्हेटेड कार्बनची, खात्रीची पण खर्चिक. दुसरी टाकाऊतून अधिशोषक बनवण्याची: उसाचे चिपाड, चिपाडाची राख, नारळाची करवंटी, शेंगांची टरफले, कडुनिंबाची पाने, कोळंबीच्या कवचातून मिळणारे कायटोसान. भारतीय प्रयोगशाळांनी या परंपरेत विपुल काम केले आहे. तिसरी रचलेल्या पदार्थांची: चिकणमाती, झिओलाइट, ग्राफीन ऑक्साइड, धातू-सेंद्रिय जाळ्या. झिओलाइट तर दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत निसर्गतःच स्फटिकरूपात सापडतो. पण त्याच्या सांगाड्यावर ऋण भार असतो, त्यामुळे तो धन भाराचे रंग ओढतो आणि सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग, जे ऋण भाराचे असतात, त्यांना दूर ठेवतो. या क्षेत्रात पदार्थाच्या नावापेक्षा भार, आम्लता आणि छिद्रांचा आकार यांना महत्त्व असते, ते असे.

तिन्ही परंपरांची मर्यादा एकच. समजा, एका डाइंग युनिटमधून रोज दहा लाख लिटर पाणी निघते आणि त्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे दिवसाला शंभर किलो रंग. एक ग्रॅम अधिशोषक शंभर मिलिग्रॅम रंग धरतो असे मानले, तर आदर्श स्थितीतही रोज एक टन अधिशोषक लागेल आणि रोज एक टन रंगीत भुकटी उरेल. ती भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते, पण त्यात इंधन जळते आणि दर खेपेला थोडा कार्बनही जळतो. स्वस्त म्हणून वापरलेले चिपाड बहुतेक वेळा पुनर्वापराच्या लायकीचे उरत नाही. अधिशोषण रंग हलवते, संपवत नाही. लोकांना हे ठाऊक नसते असे नाही, ते फक्त हिशेबात धरले जात नाही.

रंग संपवण्याचा दावा करणारा मार्ग म्हणजे प्रकाश-उत्प्रेरण. त्याची पहिली चाहूल रंगाच्याच धंद्यात लागली. टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगलेपातले मुख्य द्रव्य. त्याने रंगवलेल्या भिंती उन्हात पिठाळ होतात ही जुनी डोकेदुखी होती आणि 1938 मध्ये गुडीव्ह व किचनर यांनी हे द्रव्य प्रकाशात इतर रंग विटवते हे प्रयोगाने दाखवले. पुढे टोकियो विद्यापीठात फुजिशिमा आणि होंडा यांनी याच द्रव्याच्या विद्युदग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडवले. 1972 चा त्यांचा निबंध आणि पाठोपाठ आलेले तेलसंकट यांमुळे साऱ्या जगाचे लक्ष सूर्यप्रकाशातून हायड्रोजन मिळवण्याकडे वळले. 1977 मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातले सायनाइड याच मार्गाने नष्ट करता येते हे दाखवले, तेव्हा इंधनाच्या शोधातून जलशुद्धीची एक शाखा फुटली.

यंत्रणा थोडक्यात अशी. अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी घेतो. मागे जी रिकामी जागा उरते, तिला 'होल' म्हणतात. इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्राणवायूला मिळतो, होल पाण्याशी किंवा हायड्रॉक्साइडशी भिडून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतो. हा रॅडिकल इतका आक्रमक असतो की बहुतेक सेंद्रिय रेणूंचे तो तुकडे करतो आणि पुरेसा वेळ मिळाला तर कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेतो. अडचण उडीच्या उंचीत आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाला सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे 388 नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात तो चार-पाच टक्क्यांहून जास्त नसतो. दुसरी अडचण अशी की इलेक्ट्रॉन आणि होल बाहेर काम करण्याआधीच बहुधा पुन्हा एकमेकांना मिळतात.

गेल्या तीसेक वर्षांतले घराणेभेद या दोन अडचणींवरच उभे आहेत. एक घराणे टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन किंवा धातू मिसळून त्याला दृश्य प्रकाश पचवायला शिकवते. 2001 मध्ये जपानमधून आलेल्या नायट्रोजनयुक्त रूपाने या घराण्याला बळ दिले. दुसरे घराणे नवेच पदार्थ शोधते: बिस्मथ व्हॅनाडेट, कार्बन नायट्राइड. तिसरे दोन अर्धवाहक जोडून इलेक्ट्रॉन आणि होल यांची ताटातूट करते. चौथे रसायनापेक्षा अभियांत्रिकीकडे वळते: उत्प्रेरक पाण्यात भुकटीरूपात सोडायचा की काचेवर, मण्यांवर बसवायचा, ऊन आरशांनी कसे गोळा करायचे. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर केंद्रात या अंगाने दीर्घकाळ काम झाले आहे.

आभासाचा प्रश्न इथे सर्वांत तीव्र होतो. बहुसंख्य निबंधांत चाचणीचा रंग असतो मेथिलीन ब्लू. तो स्वस्त आहे, 664 नॅनोमीटरला त्याची मोजणी सोपी आहे. पण हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि त्याचा इलेक्ट्रॉन उत्प्रेरकात उतरू शकतो, त्यामुळे उत्प्रेरकाने दृश्य प्रकाश वापरला असा भास होतो. तो क्षपणाने तात्पुरता बिनरंगी होतो आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. भांड्याच्या काचेला तो चिकटतो. आणि तो धन भाराचा असल्याने सुती डाइंगच्या पाण्यातल्या मुख्य रंगांचा प्रतिनिधीही नव्हे. म्हणून रंग उतरल्याचा आलेख पुरेसा नाही. अंधारातली तुलना, एकूण सेंद्रिय कार्बनची मोजणी आणि मधल्या द्रव्यांची ओळख या तीन गोष्टी नसलेला दावा अपुरा मानावा.

मग हे दोन मार्ग एकाच पुस्तकात का? हायड्रॉक्सिल रॅडिकलचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांश मापाचे आहे. तो पृष्ठभागापासून फार दूर जाऊच शकत नाही. ज्या रेणूला मोडायचे, तो आधी पृष्ठभागाजवळ आलेला असावा लागतो. चांगला अधिशोषक नसलेला उत्प्रेरक उपाशी राहतो, मोडण्याची सोय नसलेला अधिशोषक तुंबतो. कार्बन, चिकणमाती किंवा झिओलाइटवर टायटॅनियम डायऑक्साइड बसवून पाण्यातला विरळ रंग आधी गोळा करायचा आणि मग प्रकाशात जागच्या जागी जाळायचा, हा आजच्या संशोधनाचा मुख्य प्रवाह याच गरजेतून आला. त्यातही तारतम्य लागते. फार घट्ट धरलेला रेणू उत्प्रेरकापर्यंत सरकत नाही आणि काळा कार्बन स्वतःच प्रकाश गिळतो.

खरी परीक्षा चंचुपात्राबाहेर आहे. मीठ आणि सोडा ॲश यांनी भरलेल्या पाण्यात क्लोराइड आणि कार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतात. गडद पाण्यात प्रकाश काही मिलिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. लिटरमागे एक ग्रॅम भुकटी टाकली, तर दहा लाख लिटरमधून टनभर बारीक भुकटी रोज गाळून परत मिळवावी लागते. दख्खनमध्ये आठ महिने ऊन मुबलक असते, पावसाळ्यात नसते, आणि डाइंग तर पावसाळ्यातही चालते. म्हणून ही तंत्रे पहिल्या टाकीत नव्हे, तर जैविक उपचारानंतरच्या शेवटच्या टप्प्यात, उरलेल्या थोड्या रंगासाठी जास्त शोभतात.

हा विषय आता निकडीचा होण्यामागे कायदा आहे. 2016 च्या सुधारित मानकांनी कापडउद्योगाच्या सांडपाण्यातील रंगाला मोजता येईल अशी मर्यादा घातली. त्याआधी जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नोय्यल नदीच्या प्रश्नावरून तिरुपूरची डाइंग युनिट बंद करण्याचा आदेश दिला आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट प्रत्यक्षात आली. पडद्यांनी पाणी परत मिळते, पण मागे अतिखारट, रंगीत उरलेले पाणी राहते. ते आटवले की मीठ निघते. हे मीठ पुन्हा डाइंगला वापरायचे, तर त्यातला रंग जायलाच हवा. नदी वाचवण्यासाठी शोधलेले तंत्र इथे कारखान्याच्या स्वतःच्या खर्चाचे कोष्टक सुधारण्यासाठी लागते, आणि माझ्या मते ते रुजण्याची सर्वांत जास्त शक्यता इथेच आहे.

या संग्रहाची रचना त्यामुळे पदार्थांच्या याद्यांवर केलेली नाही. रंग आणि पाणी यांचे रसायन, पृष्ठभाग, प्रकाश, दोहोंचा संगम आणि शेवटी खर्च, असा क्रम ठेवला आहे. पदवीच्या रसायनशास्त्राची ओळख असलेल्या विद्यार्थ्याला तो सलग वाचता येईल. इचलकरंजीतला प्रोसेस चालवणारा माणूस, प्रदूषण नियंत्रणाचा अभियंता किंवा नदीकाठचा कार्यकर्ता यांनी थेट शेवटच्या भागापासून सुरुवात केली तरी बिघडणार नाही. गणित लागेल तिथेच आहे. कोणत्याही एका पद्धतीची वकिली नाही, आणि काही ठिकाणी लेखकांचे एकमेकांशी मतभेद तसेच ठेवले आहेत, कारण ते या क्षेत्रातले खरे मतभेद आहेत.

अमुक पदार्थाने पंच्याण्णव टक्के रंग काढला, असे वाक्य वाचले की चार प्रश्न विचारता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. कोणत्या पाण्यातून? किती पदार्थ घालून? उरलेला रंग, गाळ आणि तुकडे कुठे गेले? आणि याचा लिटरमागे खर्च किती? हे प्रश्न प्रयोगशाळेत विचारले गेले, तर निबंध कमी निघतील, पण कारखान्यात चालणारी यंत्रणा लवकर निघेल. आणि कारखान्यात विचारले गेले, तर नितळ पाण्याची बाटली दाखवून कोणाची सुटका होणार नाही.